कुलूप लावलेला व्हीआय: दुसऱ्याचा डीबग करताना, आपला ग्राहकाला देताना

लॅबव्ह्यूमध्ये काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. पासवर्ड लावलेल्या मॉड्यूलमधला दोष बाहेरून कसा शोधायचा आणि आपलं मॉड्यूल कुलूप लावून ग्राहकाला कसं द्यायचं, ही दोन्ही कामं २०२५ मध्ये माझ्याकडे एकापाठोपाठ आली. तांत्रिक माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. पण करारनामा, गेटपास, कॉपीराइटचा अर्ज हे सगळं धरून सलग कोणी सांगितलेलं मला सापडलं नाही. ज्याला हे काम आता करायचंय त्याची धाकधूक थोडी कमी व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमची कंपनी भोसरीत आहे, छोटी. मोटारी आणि पंप उत्पादनाच्या शेवटी तपासण्यासाठी टेस्ट रिग बनवतो. सॉफ्टवेअर सगळं लॅबव्ह्यूत. ज्यांनी ते वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: इथे प्रोग्राम ओळींनी लिहीत नाहीत, चित्रासारखा काढतात. अशा एका प्रोग्रामला व्हीआय म्हणतात. प्रत्येक व्हीआयला एक फ्रंट पॅनल, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी समोरची बाजू, आणि त्यामागे एक ब्लॉक डायग्रॅम असतो. डायग्रॅमवर चौकोनी आयकॉन असतात आणि ते वायरींनी जोडलेले असतात. एकदा केलेला व्हीआय दुसऱ्यात आयकॉन म्हणून टाकता येतो, तो झाला सबव्हीआय. व्हीआयच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोटेक्शनचं पान आहे. तिथे पासवर्ड लावला की फ्रंट पॅनल उघडतं, डायग्रॅम मात्र उघडत नाही.

जानेवारीत एका ग्राहकाकडून तक्रार आली. मोटारीचे बेअरिंग तपासणारा रिग खराब बेअरिंगही पास करत होता. त्यांच्या एका अनुभवी कारागिराने कानाने ओळखलेली मोटार मशीनने हिरव्या दिव्यावर सोडली होती. कंपनांचं विश्लेषण करणारं मॉड्यूल आम्ही बाहेरून विकत घेतलं होतं आणि त्यातल्या प्रत्येक व्हीआयला पासवर्ड होता.

नेहमीची हत्यारं इथे बोथट होतात. आत ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवणारी खूण, लावता येत नाही. टूलबारवरचा बल्ब पेटवून डेटा वायरीतून कसा वाहतो ते पाहायला गेलं तर त्या आयकॉनपाशी सगळं थांबतं आणि उत्तर थेट पलीकडे बाहेर येतं. स्टेप इन्टू केलं तरी आत पाऊल पडत नाही. हाती उरतात फक्त आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरी. म्हणून मी त्या सगळ्यांवर वायरीतली किंमत दाखवणारे प्रोब लावले आणि 'रिटेन वायर व्हॅल्यूज' चालू ठेवलं, म्हणजे प्रोग्राम थांबल्यावरही शेवटची किंमत वायरीवर दिसते. एररची माहिती वाहून नेणारा एरर क्लस्टर स्वच्छ होता. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि तरी उत्तर चूक. अशा वेळी माणूस पहिल्यांदा सेन्सरवर संशय घेतो. मीही ॲक्सेलरोमीटर, म्हणजे कंपनं मोजणारा सेन्सर, बदलून पाहिला. फरक पडला नाही.

मग मोटार बाजूला ठेवली आणि सेन्सरचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डाला फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेचा सिग्नल देणारं उपकरण, जोडला. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा सिग्नल कुलूपबंद मॉड्यूलला द्यायचा, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट. १००० हर्ट्झ दिले तर मॉड्यूल ९७६.६ दाखवत होतं. २००० दिले तर १९५३.१. दोन्ही ठिकाणी गुणोत्तर तेच, ०.९७६६. चूक प्रमाणात वाढत असेल तर गोंगाट, अर्थिंग, ढिली केबल ही कारणं बाद होतात. कुठेतरी काळाचं माप चुकतंय एवढंच उरतं.

आमचं कार्ड लॅबव्ह्यू बनवणाऱ्या एनआय कंपनीचं ९२३४ होतं. चार चॅनल, २४ बिट, आणि सेकंदाला जास्तीत जास्त ५१,२०० सॅम्पल, म्हणजे सिग्नलच्या तेवढ्या नोंदी. हे डेल्टा-सिग्मा जातीचं कार्ड आहे. ते कुठलाही वेग घेत नाही. ५१,२०० ला १ ते ३१ पैकी एखाद्या पूर्णांकाने भागून जे येतं तेवढेच वेग त्याला चालतात. तुम्ही १०,००० मागितले तर डॅकएमएक्स ड्रायव्हर मुकाट्याने त्याच्या वरचा जवळचा वेग लावतो, म्हणजे ५१,२०० भागिले ५, १०,२४०. हे माहितीपत्रकात दिलेलं आहे, लपवलेलं नाही. आणि १०,००० भागिले १०,२४० केलं की ०.९७६६ येतात.

खात्री करायला मी एक छोटा व्हीआय लिहिला: त्याच कार्डावर १०,००० मागायचे आणि टायमिंग प्रॉपर्टी नोडमधून सॅम्पल क्लॉक रेट परत वाचायचा. १०,२४० आले. पण हा झाला माझ्या व्हीआयचा पुरावा. मॉड्यूलच्या आत काय होतंय ते अजून कळलं नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की डायग्रॅमला कुलूप असलं तरी फ्रंट पॅनल उघडतं. मॉड्यूलमधला विश्लेषणाचा सबव्हीआय उघडा ठेवून प्रोग्राम चालवला आणि पॅनल स्क्रोल करत गेलो. उजवीकडे खूप लांब, नेहमीच्या नजरेआड, एक इंडिकेटर, म्हणजे किंमत दाखवणारी चौकट, होता: 'डीटी', दोन सॅम्पलमधला वेळ, किंमत ०.०००१ सेकंद. म्हणजे आत मागितलेलाच वेग गणिताला धरला होता, मिळालेला नाही. आयकॉनच्या वायरी जोडायच्या टोकांना न जोडलेले असे इंडिकेटर बनवणाऱ्याने स्वतःच्या तपासासाठी ठेवलेले असतात आणि बरेचदा ते तसेच राहून जातात. कुलूपबंद व्हीआय हाती आला तर त्याचं पॅनल चारही दिशांना पाहून घ्या.

हेच मॉड्यूल आमच्या जुन्या रिगवर बरोबर चालत होतं, कारण तिथलं यूएसबी कार्ड वेगळ्या जातीचं. त्याचं घड्याळ भागून १०,००० नेमके मिळतात. त्यामुळे इतके दिवस कोणाला शंका आली नव्हती.

हा फरक किती महागात पडतो ते सांगतो. ६२०५ बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला तडा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यामागे सुमारे ३.५८ ठोके बसतात. मोटार १४४० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २४ फेरे; ठोके आले ८६ हर्ट्झवर. रिग ८५ ते ८७ च्या पट्ट्यात शिखर शोधत होता आणि मॉड्यूल ते ८४ वर दाखवत होतं. तडा दिसत होता, फक्त जिथे पाहायचं तिथे नव्हता. हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या मोटारी कुठल्यातरी पंपावर, कुठल्यातरी पंख्यावर लागलेल्या असणार होत्या.

दिलासा एवढाच की कच्चा डेटा आम्ही टीडीएमएस या मोजमापं साठवायच्या फाइलींमध्ये राखून ठेवला होता. खरा वेग घालून सगळ्या फाइली पुन्हा मोजल्या, संशयित मोटारींचे अनुक्रमांक ग्राहकाला कळवले आणि त्यांनी गोदामातला माल परत तपासला. तुमच्या रिगवर डिस्कची जागा कितीही कमी असो, कच्चा डेटा किमान काही महिने ठेवा.

तात्पुरता उपाय त्याच दिवशी झाला. मॉड्यूलला १०,००० ऐवजी थेट १०,२४० द्यायचे. मागितलेला आणि मिळालेला वेग एकच, मग गणित बरोबर येतं. मुळातली दुरुस्ती मात्र मॉड्यूल बनवणाऱ्यांनीच करायला हवी होती. त्यांनी पासवर्ड द्यायला नकार दिला, आणि ते मला रास्त वाटलं. तुमचा डेटा पाठवा, आम्ही पाहतो, असं ते म्हणाले. पण तो डेटा ग्राहकाच्या मोटारींचा. म्हणून गोपनीयतेचा करार आला. मसुदा त्यांचा, दुरुस्त्या आमच्या. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, वर नोटरीचे पैसे. सही करणारा माणूस कंपनीतर्फे सही करायला अधिकृत आहे असं पत्रही लागतं, ते आधीच तयार ठेवलंत तर आठवडा वाचतो. शिवाय सपोर्टची मुदत संपलेली, त्यामुळे नवी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, हवी. मार्चअखेरीमुळे परचेसच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं की आता एप्रिलमध्येच. दर ठरला त्यावर १८ टक्के जीएसटी. दुरुस्त मॉड्यूल एप्रिलच्या शेवटी हाती आलं. मी पाठवलेल्या मेलमध्ये तक्रार कमी आणि पुनरावृत्तीची कृती जास्त होती: कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, दिलेला सिग्नल, आलेलं उत्तर, 'डीटी'चा स्क्रीनशॉट. उलट प्रश्न एकही आला नाही.

एव्हाना दुसरं काम दारात उभं होतं. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्याला आमचं पंप-चाचणीचं मॉड्यूल त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये वापरायचं होतं. सोर्स देणार नाही, पण वापरता आलं पाहिजे, असं आमच्या साहेबांनी ठरवलं. नुकताच पलीकडच्या, ग्राहकाच्या खुर्चीत बसून उठलो होतो, त्यामुळे आपलं मॉड्यूल घेणाऱ्या माणसाला काय काय दिसायला हवं हे मला पक्कं ठाऊक होतं.

आधी कुलूप कुठलं ते ठरवायचं. नुसता पासवर्ड लावला तर डायग्रॅम फाइलीच्या आतच राहतो, फक्त दाखवला जात नाही. ते फोडायच्या युक्त्या वर्षानुवर्षं फिरत आहेत. सरळ माणसाला तो पुरतो, गुपित राखायला पुरत नाही. दुसरा मार्ग, सोर्स डिस्ट्रिब्यूशन करताना डायग्रॅम काढूनच टाकायचा. मग गुपित खरोखर राहतं, पण डायग्रॅम नसलेला व्हीआय पुन्हा कंपाइल होऊ शकत नाही, म्हणून तो त्याच आवृत्तीला बांधला जातो. तिसरा मार्ग पॅक्ड प्रोजेक्ट लायब्ररीचा, जी लॅबव्ह्यू २०१० पासून आहे. सगळे व्हीआय कंपाइल होऊन एका फाइलीत बसतात. कुठले व्हीआय बाहेरच्याला बोलावता यावेत आणि कुठले आतल्याआत राहावेत, हे पब्लिक आणि प्रायव्हेट असं ठरवता येतं. बिल्ड करताना डीबगिंग बंद ठेवलं की डायग्रॅम सोबत जात नाही. आम्ही हा घेतला. यासाठी ॲप्लिकेशन बिल्डर लागतो, तो प्रोफेशनल आवृत्तीत येतो.

आवृत्त्यांचं गणित मे महिना खाऊन गेलं. नाशिकला शॉप फ्लोअरवर लॅबव्ह्यू २०२० ची ३२ बिट, ऑफिसात २०२४ ची ६४ बिट, आणि आमच्याकडे २०२३. नव्या आवृत्तीत बांधलेली लायब्ररी जुनीत उघडत नाही. उलट दिशेने जमतं, पण २०१७ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत बांधली असेल आणि बिल्डच्या ॲडव्हान्स्ड पानावर पुढच्या आवृत्त्यांना उघडू देण्याची खूण असेल तरच. ३२ आणि ६४ बिटला एकच फाइल चालत नाही. म्हणून सोर्स 'सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन' करून २०२० मध्ये आणला आणि तिथे दोन बिल्ड केले. आम्ही मॅप ही डेटा रचना वापरली होती; ती २०१९ पासून आहे म्हणून निभावलं. ग्राहकाकडे सर्वांत जुनी आवृत्ती कुठली, हा प्रश्न कामाच्या पहिल्या फोनवर विचारा आणि उत्तर मेलवर लेखी घ्या.

नावांचा प्रश्नही येतो. पॅक झाल्यावर प्रत्येक व्हीआयच्या नावापुढे पॅक्ड लायब्ररीचं नाव लागतं, त्यामुळे लॅबव्ह्यूच्या लेखी सोर्समधला क्लास आणि पॅक केलेला क्लास हे दोन वेगळे. आम्ही सोबत द्यायला केलेल्या उदाहरणात सोर्समधला क्लास होता, आणि पॅक्ड लायब्ररी जोडताच वायर तुटल्या, रनचा बाण मोडका झाला, म्हणजे प्रोग्राम चालेना. त्यानंतर उदाहरणं एका कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर बनवली, जिथे सोर्स मुळीच नव्हता. ग्राहकाला जे मिळणार तेच आपल्याला दिसतं.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो बाहेर काय दिसावं यावर. दर रीडिंगसोबत मॉड्यूल आता मागितलेला वेग आणि मिळालेला वेग दोन्ही देतं. आवृत्ती सांगणारा वेगळा व्हीआय आहे. स्वतःच्या एररसाठी ५००० ते ९९९९ हे आकडे मोकळे ठेवलेले असतात, त्यातले घेतले. एररचा मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवला आणि ती फाइल ग्राहकाच्या मशीनवर पोचली नाही तर त्याला नुसता आकडा दिसतो. म्हणून लॅबव्ह्यूतली एरर रिंग वापरून मजकूर मॉड्यूलच्या आतच ठेवला. ड्रायव्हरकडून आलेला एरर गिळायचा नाही, त्याचा आकडा जसाच्या तसा ठेवून सोबत चॅनलचं नाव आणि त्या क्षणाचे सेटिंग जोडायचे. आणि एक स्विच: तो चालू केला की कच्चा डेटा टीडीएमएसमध्ये लिहिला जातो. घर कुलूपबंद असलं तरी विजेचा मीटर बाहेरच्या भिंतीवर असतो, तसं हे. यातून आमचं गणित उघडं पडत नाही.

प्रत्येक आवृत्तीचे दोन बिल्ड ठेवतो: ग्राहकाचा डीबगिंग बंद असलेला, आणि आमच्याकडचा डीबगिंग चालू असलेला. दोन्हींवर एकच आवृत्ती क्रमांक. ग्राहकाने अडचण सांगितली की त्याच क्रमांकाचा आमचा बिल्ड घ्यायचा, त्याची टीडीएमएस फाइल आत सोडायची आणि डायग्रॅमवर सावकाश पाहायचं.

जूनमध्ये नाशिकला गेलो. आदल्या आठवड्यात लॅपटॉपचा अनुक्रमांक मेलने कळवला होता, तरी गेटवर परतीचा गेटपास, सुरक्षेची माहिती देणारी फिल्म आणि कॅमेऱ्यावर स्टिकर यात सकाळ गेली. पेनड्राइव्हला बंदी. फाइल त्यांच्या आयटी विभागाने दिलेल्या सर्व्हरवर टाकायची आणि हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे सांगणारा तिच्यावरून काढलेला आकडा, जुळवून दाखवायचा. हॅश आम्ही आधीच छापून नेला होता, त्यामुळे ते लगेच झालं. ऑफिसातल्या मशीनला हार्डवेअर नव्हतं, तिथे एनआय मॅक्स या प्रोग्राममध्ये सिम्युलेटेड, म्हणजे नकली कार्ड तयार करून डायग्रॅममधल्या वायरी तपासल्या. ते साइन वेव्ह देतं, एवढ्यावर बरंच काम भागतं. मग फ्लोअरवर फंक्शन जनरेटर लावला. १००० दिले, १००० दिसले. त्यांच्या बाजूने काम पाहणाऱ्या मॅडमनी तो आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

कॉपीराइटची नोंदणी साहेबांना हवी होती. कायद्याने ती सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच येतो. पण वाद झालाच तर प्रमाणपत्र हाती असलेलं बरं. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४, फी एका कृतीला ५०० रुपये. नोकरीत केलेलं काम कंपनीचं असतं, तरी अर्जदार आणि लेखक वेगळे असल्याने लेखकांचं ना हरकत पत्र लागतं. माझं सोपं होतं. माझ्याबरोबर हे मॉड्यूल लिहिणारा सहकारी आता बेंगळुरूला असतो. त्याने सही करून कुरियर केलं, पण मधे सुट्ट्या आल्या. अशी पत्रं माणूस कंपनीत असतानाच घेऊन ठेवा.

सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, काहीही झाकता येत नाही. एकूण २० पेक्षा कमी असतील तर सगळी. आता चित्रातल्या प्रोग्रामचं पहिलं पान कुठलं? आम्ही मुख्य व्हीआयपासून सुरू करून हायरार्कीच्या क्रमाने सगळे डायग्रॅम लॅबव्ह्यूच्या प्रिंटमधून पीडीएफ केले, पानांना क्रमांक दिले आणि क्रम कसा लावला याची टीप वर जोडली. मोठे डायग्रॅम एका पानात मावत नाहीत, छपाईत पानात मावेल इतकं लहान करण्याचा पर्याय आहे तो निवडा, पण मजकूर वाचता येतोय ना ते कागदावर काढून बघा. अर्ज भरला की डायरी नंबर येतो. त्यानंतर ३० दिवस कोणी हरकत घेतं का याची वाट पाहायची. आम्हाला एका कागदाबद्दल विचारणा आली, तिचं उत्तर मुदतीत दिलं. दर सोमवारी डायरी नंबर टाकून स्थिती पाहायची सवय लागली होती. प्रमाणपत्र डिसेंबरात आलं.

त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, नाशिकहून फोन आला. मॉड्यूल रीडिंग देत नव्हतं. पूर्वी असा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा. मॅडमनी एरर वाचून दाखवला: उणे २००२८४, वेळेत सॅम्पल मिळाले नाहीत, आणि त्याखाली आमची ओळ, चॅनल अमुक, ट्रिगर बाहेरचा, मिळालेला वेग १०,२४०. वेग बरोबर, कार्ड जिवंत, म्हणजे मोजणी सुरू करायचा इशारा, ट्रिगरच, येत नव्हता. "पंपाच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा कनेक्टर पाहता का?" असं विचारलं. त्या फोन चालू ठेवूनच रिगपाशी गेल्या. कनेक्टर निसटला होता. बसवला, रीडिंग सुरू झाली, आणि त्यांनी लगेच विचारलं की बाहेरचा ट्रिगर ठरावीक वेळात आला नाही तर मॉड्यूलने तसं वेगळं सांगावं, असं करता येईल का. पुढच्या आवृत्तीत तो एरर आहे, क्रमांक ५०२१.